पार्करांचं रान: दहा डॉलरांची दोन एकरं आणि दोराचे वारस

वाटाड्या

हवाईला जाऊन आलेली माणसं समुद्र, ज्वालामुखी आणि अननस यांवर लिहितात. मी गुरांवर आणि ती पाळणाऱ्या पार्कर नावाच्या एका पायोनियर घराण्यावर लिहिणार आहे. बीचचे फोटो हवे असतील त्यांनी इथूनच मागे फिरावं, नंतर तक्रार चालणार नाही.

गेल्या वर्षी लेकीने हवाईच्या मोठ्या बेटावर नेलं. कोना विमानतळाबाहेर बघावं तिकडे काळा, करपलेला लाव्हा. गाडी वर चढायला लागली आणि तासाभरात वाइमेआ गाव आलं. काच खाली केली तर थेट जुलैतली पाचगणी! भुरभुर पाऊस, झोंबरा वारा, हिरव्यागार टेकड्या आणि तारेच्या कुंपणापलीकडे काळ्या गाई. गावात पार्कर रँचच्या (रँच म्हणजे गुरं पाळायचं मोठं रान) नावाने दुकानांचं संकुल आहे. त्याच्या आवारात ब्राँझचा एक घोडेस्वार दोर टाकून बैल धरतोय. मला वाटलं हाच मूळपुरुष पार्कर. पाटी वाचली तर नाव इकुआ पर्डी. रान पार्करांचं, संकुल पार्करांचं आणि पुतळा भलत्याचा? तिथून हे खूळ डोक्यात शिरलं.

या बेटांवर मुळात ना गाय होती ना घोडा. १७९३ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरने राजा पहिला कामेहामेहा याला लांबशिंगी गुरं भेट दिली, पुढच्या साली आणखी दिली. वेल वाढावा म्हणून राजाने दहा वर्षं त्यांना हात लावायची बंदी केली. या बंदीला तिकडे 'कापू' म्हणतात. मग काय! ना वाघ, ना लांडगा, ना वेसण. गुरं माजली. मौना केआच्या उतारावरून कळप खाली यायचे, तारोची म्हणजे अळूची शेतं तुडवायचे, घरांच्या गवती छपरांनाही तोंड लावायचे. आपल्याकडे गुरांना कोंडवाड्यात घालतात, तिथे माणसांनीच शेताभोवती दगडी गडगे रचले.

अशा वेळी जॉन पामर पार्कर. जन्म १७९०, गाव मॅसॅच्युसेट्समधलं न्यूटन. १८०९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, जहाजावरून उतरला तो त्यावर परत चढलाच नाही. मधे पुन्हा समुद्रावर गेला आणि परत आला तो चांगली बंदूक घेऊन. राजाला नेमकं तेच हवं होतं. रानटी गुरं मारायचा परवाना पार्करला मिळाला. १८१६ मध्ये त्याने किपिकाने हिच्याशी लग्न केलं. ती कामेहामेहाच्या कुळातली, सरदारघराण्यातली बाई.

तोवर हवाईचा मोठा व्यापार चंदनाचा होता. झाडं तोडून चीनला पाठवायची. १८३० च्या सुमारास डोंगर उघडे पडले, चंदन संपलं. त्याच वेळी व्हेल मारणारी गलबतं बंदरांत गर्दी करू लागली होती, आणि गलबतावरच्या माणसांना महिनोन्‌महिने टिकणारं खारवलेलं मांस लागतं. मांस, कातडी, चरबी असा पार्करचा धंदा बसला. १८४७ मध्ये त्याने मौना केआच्या उतारावर माना इथे दोन एकर जमीन दहा डॉलरला घेतली. रँचची स्थापना तेव्हाची धरतात. किपिकानेला राजाकडून मिळाली ६४० एकर. म्हणजे नवऱ्याची दोन आणि बायकोची सहाशेचाळीस. मूळपुरुष मात्र तो! असो.

बंदुकीने गुरं मारता येतात, पाळता येत नाहीत. म्हणून तिसऱ्या कामेहामेहाने १८३२ च्या आसपास कॅलिफोर्नियातून मेक्सिकन गुराखी बोलावले. ते स्वतःला 'एस्पान्योल' म्हणवत. हवाई भाषेत 'स' नाही, त्यामुळे त्याचं झालं 'पानिओलो'. तेव्हापासून आजतागायत तिथला गुराखी म्हणजे पानिओलो. अमेरिकेतला तो सिनेमातला काउबॉय प्रसिद्ध व्हायच्या कितीतरी आधी ही मंडळी घोड्यावर बसून दोर फेकत होती.

आता वंशावळ. सावकाश वाचा, जॉन फार आहेत.

पहिला जॉन १८६८ मध्ये गेला. दोन मुलगे, त्यातला एबेनेझर बापाच्या आधीच वारलेला. म्हणून रँच अर्धी दुसऱ्या जॉनला आणि अर्धी एबेनेझरच्या मुलाला, सॅम्युएलला. दुसऱ्या जॉनला मूल उरलं नाही. त्याने पुतण्या सॅम्युएलचाच मुलगा घेतला, तो तिसरा जॉन. हा तिसरा १८९४ मध्ये एकोणिसाव्या वर्षी गेला. मागे तान्ही मुलगी, थेल्मा. थेल्मा मोठी झाली, लग्न झालं, मुलगा झाला आणि १९१४ मध्ये विसाव्या वर्षी क्षयाने तीही गेली. दुसऱ्या वर्षी तिचा नवरा गेला. उरला रिचर्ड स्मार्ट, वय दोन वर्षं.

पार्कर रँच ऐन भरात पाच लाख एकरांच्या घरात होती. एवढा पसारा वीस वर्षांत दोनदा पाळण्यातल्या पोराच्या नावावर आला.

---

टिवल्याबावल्या

दोन एकरांवरून पाच लाख एकर! आमचा सातबारा चार पिढ्यांत उलट्या दिशेने गेला.

---

काळा कोट

वाटाड्या, लेख छान, पण मुख्य पात्र गायब आहे. अज्ञान वारसाच्या नावावर लाखो एकर असताना ती टिकली, म्हणजे मधे कुणीतरी पालक बसलेला असणार आणि त्याच्याशी कुणाचं तरी वाजलेलं असणार. वाजलं नसेल तर ते घराणंच नव्हे. आणि सॅम्युएलचं काय झालं? अर्धा हिस्सा त्याचा होता ना?

---

वाटाड्या

कोटसाहेब, नेमकी नस पकडलीत. मुद्दाम मागे ठेवलं होतं.

सॅम्युएल पार्कर (१८५३ ते १९२०) हा घराण्यातला रंगेल माणूस. राजा कालाकाउआचा दोस्त. मेजवान्या, पाहुणे, घोडे, सगळं सढळ हाताने. साखरेच्या मळ्यात पैसा घातला, तो बुडत गेला आणि रँच गहाण पडली. राणी लिलिउओकालानीच्या मंत्रिमंडळात तो परराष्ट्रमंत्री होता. जानेवारी १८९३ मध्ये तिची गादी उलथवली तेव्हाही मंत्री तोच. राणीच्या निषेधपत्रावर त्याची सही आहे.

दुसऱ्या बाजूला थेल्माचा पालक-विश्वस्त, आल्फ्रेड वेलिंग्टन कार्टर. पेशाने वकील, हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. १८९९ मध्ये आला. हिशेब घातले, जातिवंत हेरफोर्ड वळू आणले, लांबून नळ टाकून रानात पाणी नेलं. काटकसरी, शिस्तीचा, सॅम्युएलच्या अगदी उलट. दोघांचं पटणं शक्यच नव्हतं. सॅम्युएलने त्याला काढायचा प्रयत्न केला, प्रकरण कोर्टात गेलं. १९०६ मध्ये कार्टरने थेल्माच्या वतीने सॅम्युएलचा अर्धा हिस्सा सहा लाख डॉलरला विकत घेतला आणि विषय संपवला.

आता यातली गंमत बघा. तिसरा जॉन हा सॅम्युएलचा सख्खा मुलगा. म्हणजे थेल्मा त्याची सख्खी नात. आजोबाचा हिस्सा नातीने विकत घेतला, आणि तेव्हा ती होती बारा वर्षांची.

---

काळा कोट

खिक्क. दत्तक दिलेलं पोर जन्मघराण्याला परकं होतं हे आमच्याकडे पुस्तकात शिकवतात. इथे त्याचं प्रात्यक्षिक झालं.

---

चांदणी७

थोडा फरक आहे, कोटदादा. हवाईत त्याला 'हानाइ' म्हणतात. मूल काका, आजी, मैत्रीण, कुणाकडेही वाढायला देतात, पण जन्मदात्यांशी नातं तुटत नाही, लपवतही नाहीत. गोत्र वगैरे बदलायचा प्रश्नच नाही. तिसऱ्या जॉनचं कागदोपत्री दत्तकही झालं होतं, म्हणून वारसा लागला. पण आपल्या दत्तकविधानाचा साचा त्यावर बसवू नका.

मी वेधशाळेच्या कामासाठी वाइमेआला बरेच महिने राहिले आहे. दुर्बिणी मौना केआच्या माथ्यावर, पण केक वेधशाळेचं मुख्यालय खाली गावात, गाईंच्या शेजारी. रात्रभर दीर्घिकांचे वर्णपट घ्यायचे आणि पहाटे बाहेर आलं की धुक्यात शेणाचा वास. पुण्याहून आलेल्या एका सरांनी पहिल्या दिवशी खोल श्वास घेऊन "गावी आल्यासारखं वाटलं" म्हटलं होतं.

पोस्टात गावाचं नाव वाइमेआ नाही, कामुएला आहे, कारण दुसऱ्या बेटांवरही वाइमेआ आहेत. कामुएला म्हणजे हवाई उच्चारातला सॅम्युएल. 'स'ची गंमत इथेही.

रिचर्ड स्मार्टबद्दल लिहा ना. गावातली जुनी माणसं त्याच्याबद्दल बोलताना हसतात, पण प्रेमाने.

---

रानपाखरू

सगळ्यांना मजा येतेय म्हणून मिठाचा खडा टाकते.

'पायोनियर घराणं' हे शब्द वाचले की मला आधी विचारावंसं वाटतं, त्या रानात आधी काय होतं? कोआ आणि मामाने यांची जंगलं. गुरांनी रोपं खाल्ली, सालं सोलली, नवं झाड उगवूच दिलं नाही. तुम्हाला पाचगणी वाटली ती हिरवळ म्हणजे मेलेल्या जंगलावरचं गवत आहे. मामानेच्या शेंगांवर जगणारा पालिला नावाचा पिवळ्या डोक्याचा पक्षी आता मौना केआच्या उतारावर एका तुकड्यात उरलाय. त्यात गुरांच्या जोडीला रानमेंढ्यांचाही हात आहे, पण सुरुवात व्हँकूव्हरच्या भेटीपासून.

दुसरं, जमीन. १८४८ मध्ये 'माहेले' म्हणजे जमिनीची वाटणी झाली. त्याआधी जमीन सहसा कुणाच्या खासगी मालकीची नव्हती. वाटणीनंतर राजा, सरदार आणि सरकार यांनी बहुतेक सगळी घेतली. कसणाऱ्या सामान्य माणसांच्या हाती एक टक्काही आली नाही. मग ती विकत घेणं सोपं झालं. पार्करचा उद्योग मान्य, पण त्याचे दहा डॉलर ऐन मुहूर्तावर पडले.

आणि रानटी गुरांचे खड्डे. डग्लस फर नावाचं झाड ज्याच्या नावाचं आहे तो वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डग्लस १८३४ मध्ये मौना केआच्या उतारावर गुरं धरायच्या खड्ड्यात मेलेला सापडला. खड्ड्यात बैलही होता. अपघात की खून, यावर लोक अजून वाद घालतात.

---

वाटाड्या

रानपाखरू, एकही वाक्य खोडत नाही. पाचगणीची उपमा मागे घेत नाही, कारण पाचगणीच्या हिरवळीखाली काय होतं तेही मी कधी विचारलं नव्हतं.

एवढंच सांगतो की पार्करांना बाहेरून आलेले गोरे म्हणून एका बाजूला काढता येत नाही. पहिल्या जॉननंतरची सगळी पिढी किपिकानेची आहे. सॅम्युएल हवाई राजकारणात हवाई माणूस म्हणून वावरला. लुटणारा आणि लुटलेला एकाच वंशावळीत आहेत, आणि कधी कधी एकाच माणसात.

चांदणीताई, रिचर्ड स्मार्ट. आईबाप गेल्यावर आजीने सॅन फ्रान्सिस्कोत वाढवला. इकडे कार्टर रँच चालवतोय आणि तिकडे एवढ्या मोठ्या रानाचा मालक गाणं शिकतोय! पुढे तो ब्रॉडवेवर नट आणि गायक झाला, नुसता हौशी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात वाइमेआला मरीन सैनिकांचा मोठा तळ पडला, कॅम्प तारावा. पॅसिफिकमधल्या तारावा बेटाच्या लढाईतून आलेली तुकडी तिथे सावरली आणि जपानच्या इवो जिमा बेटावर लढायला गेलेली तिथे तयार झाली. मालक तेव्हाही रंगभूमीवरच. १९६० च्या आसपास तो कायमचा परतला. किनाऱ्याची जमीन लॉरन्स रॉकफेलरला भाड्याने दिली, तिथे १९६५ मध्ये मौना केआ बीच हॉटेल उभं राहिलं. गुरांच्या गावात त्याने नाट्यगृह बांधलं आणि आईच्या हवाई नावावरून त्याला 'काहिलू' नाव दिलं. आई गेली तेव्हा हा दीड वर्षाचाही नव्हता.

१९९२ मध्ये तो वारला. दोन मुलगे होते. पण रँच गेली विश्वस्त निधीला. उत्पन्न गावच्या इस्पितळाला, दोन शाळांना आणि बेटावरच्या समाजकार्याला. आज सव्वा लाख एकरांहून थोडी जास्त जमीन त्या निधीकडे आहे. पार्कर रँच आहे, पण तिचा मालक म्हणून कुणी पार्कर नाही.

---

टिवल्याबावल्या

पोरं काही म्हणाली नाहीत?

---

काळा कोट

टिवल्या, पोरं नेहमीच काही ना काही म्हणतात. पण मृत्युपत्र नीट केलेलं असलं की म्हणणं म्हणणंच राहतं.

वाटाड्या, पुतळा राहिला. तो पर्डी कोण?

---

वाटाड्या

येतोच.

पार्करची रँच एका धाग्याने खाली आली. जॉन, जॉन, जॉन, थेल्मा, रिचर्ड. पण पहिल्या जॉनला मेरी अ‍ॅन नावाची मुलगीही होती. तिची आणि इतर फाट्यांची पोरंबाळं बेटभर पसरली. त्यांच्या हाती रँच आली नाही. त्यांतले कित्येक त्याच किंवा शेजारच्या रानात पगारी पानिओलो झाले. इकुआ पर्डी त्यांतला. पहिल्या जॉनचा पणतू, जन्म १८७३, त्याच माना इथला.

दुसरा पणतू एबेन लो. दोराच्या अपघातात एक हात गेलेला. १९०७ मध्ये तो अमेरिकेतल्या वायोमिंगला शायेनचा रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या स्पर्धा, बघून आला आणि म्हणाला, आमची पोरं यांच्याहून सरस आहेत. १९०८ मध्ये तिघे गेले: पर्डी, आर्ची काआउआ आणि जॅक लो. घोडे तिथे उसने घेतलेले. हॅटभोवती फुलांच्या माळा. लोक बघायला आले ते थोडी करमणूक म्हणूनच. पर्डीने बैलामागे घोडा घातला, दोर टाकला, बैल पाडला, पाय बांधले. छप्पन्न सेकंद. जगज्जेता! काआउआ तिसरा आला, लो सहावा. परक्या घोड्यावर, परक्या मैदानात.

होनोलुलूला परतल्यावर मिरवणूक निघाली असेल नसेल ते सोडा. लक्षात घ्या की राज्य जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तिथल्या माणसाला त्या छप्पन्न सेकंदांचं काय वाटलं असेल? पर्डी पुढे माउई बेटावर उलुपालाकुआच्या रँचवर गेला आणि आयुष्यभर गुरंच हाकत राहिला. १९९९ मध्ये मुख्य भूमीवरच्या रोडिओच्या मानकऱ्यांत त्याचं नाव घातलं. वाइमेआत पुतळा त्याचा आहे.

म्हणून मला या घराण्याच्या वंशावळी दोन वाटतात. एक खरेदीखतांची, ती रिचर्डपाशी थांबली. दुसरी दोराची.

---

रानपाखरू

ही दुसरी वंशावळ आवडली. पहिल्याच पोस्टात टाकली असती तर मी एवढी चावले नसते.

---

खिल्लारी

मी माणदेशातला. घरी अजून दोन खिल्लार आहेत, शर्यतीचे नाहीत, कामाचे. सगळं वाचलं. जॉन मोजता मोजता दोनदा चुकलो. माझे प्रश्न वेगळे आहेत. एक, बेटावरून गुरं बाजारात न्यायची कशी? दुसरा, दोर कशाचा? आपल्याकडे बैल बुजला तर कासऱ्याने आवरताना हाताची सालं निघतात. पळत्या घोड्यावरून फेकायचा तो कसला दोर?

---

वाटाड्या

खिल्लारी भाऊ, हे प्रश्न इतक्या वेळात कुणीच विचारले नव्हते.

बाजार होनोलुलूला, दुसऱ्या बेटावर. कावाइहाए बंदरात धक्का नव्हता. गुरं रात्रीतून हाकत किनाऱ्यावर आणायची, कारण उन्हात लाव्ह्यावरून चालवली तर वजन उतरतं. मग एकेका बैलाच्या शिंगांत दोर टाकून पानिओलो घोड्यासकट समुद्रात शिरायचा. घोडा पोहतोय, बैल पोहतोय. पुढे होडी उभी. होडीतला माणूस बैलाचं डोकं धरून काठाला बांधायचा, नाक पाण्यावर राहील असं. दोन्ही बाजूंना ओळीने बैल बांधले की होडी वल्हवत आगबोटीपाशी न्यायची. तिथे पोटाखालून पट्टा घालून यारीने एकेक बैल वर. चारही पाय लोंबकळतायत, पाणी गळतंय. विसाव्या शतकातही हे चालू होतं. यासाठीचे घोडे वेगळे शिकवलेले असत. लाटेला बुजणारा घोडा तिथे उपयोगाचा नाही.

आता कत्तलखान्यापर्यंत वाढवणं परवडत नाही, चारा महाग. बरीचशी वासरं कंटेनरमधून मुख्य भूमीवर जातात आणि तिकडे वाढतात.

दोर कच्च्या कातड्याचा. नाव 'काउला इलि'. काउला म्हणजे दोर, इलि म्हणजे कातडं. डाग नसलेलं कातडं घ्यायचं, कडेपासून आत गोल गोल कापत जायचं, म्हणजे एकच लांबलचक पट्टी निघते, कुठे जोड नाही. भिजवून ताणायची, केस खरवडायचे, कडा सारख्या करायच्या. मग चार पदरांची वेणी, आणि चरबी चोळून मऊ ठेवायची. म्हाताऱ्या पानिओलोचा दोर लेक-नातवाकडे जातो. मी एक हातात घेऊन पाहिला. सापासारखा थंड आणि जड, आणि दिसतो त्याहून मऊ.

---

खिल्लारी

म्हणजे वेणीचा. तरीच.

आमचे आजोबा केकताडाचा वाख काढून कासरे वळायचे. चऱ्हाट, दावं, म्होरकी, सगळं घरचं. अंगणात एका टोकाला मी पीळ द्यायला आणि दुसऱ्या टोकाला ते. पण आमचं सगळं पिळाचं. पिळाच्या दोराला फेकताना आकडी पडते, उलगडत नाही सरळ. आम्हाला फेकायचं कधी नव्हतंच, बांधायचं होतं. फेकायचं असतं तर आजोबांनीही वेणीच घातली असती.